‘घरून एक पुस्तक आणावे’: आमच्या शाळा समितीला खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक सर आणि शाळा समितीचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

मागच्या सोमवारी प्रार्थनेनंतर सूचना झाली. 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, शाळेत वाचन प्रेरणा दिन साजरा होणार. प्रत्येकानं घरून एक अवांतर पुस्तक आणायचं, मैदानावर वर्गवार बसून वीस मिनिटं वाचायचं, मग फोटो होतील. सूचना संपली, रांगा हलल्या आणि सहावीतल्या एका मुलीनं माझी ओढणी धरून विचारलं, “ताई, मराठीचं पुस्तक आणलं तर चालंल का? शाळेचंच? घरी दुसरं न्हाई.”

मी तिला काहीच सांगू शकले नाही. कारण आपल्या शाळेची पुस्तकं कुठे आहेत ते मला माहीत आहे. ती रंगमंचाखालच्या खोलीत, खताच्या रिकाम्या पोत्यांत भरलेली आहेत. जूनमध्ये ती पोती उचलायला आमच्याच वर्गातली मुलं होती.

हे पत्र चारचौघांत वाचलं जावं म्हणून लिहिते आहे, पण आधी आपल्याकडेच आले होते. ग्रंथालय पुन्हा उघडावं म्हणून 2 जुलैला आम्ही अर्ज दिला, त्यावर 41 सह्या होत्या. 12 ऑगस्टला आठवण म्हणून दुसरा दिला. तो दिवस मुद्दाम निवडला होता, कारण भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून तो देशात ग्रंथपाल दिन मानतात. दोन्ही अर्जांवर कार्यालयाचा आवक शिक्का आहे. उत्तर आलं नाही. अर्जांवर आमची नावं आहेत, म्हणजे आम्ही कोण ते आपल्याला ठाऊक आहे. इथे नावं लिहिली नाहीत, कारण बोर्डाच्या वर्षात घरच्यांना काळजी वाटते. शाळेचं आणि गावाचं नावही लिहिलेलं नाही. शाळेची बदनामी व्हावी असं मला कधीच वाटणार नाही. पाचवीपासून मी इथे आहे.

माझं गाव शाळेपासून चौदा किलोमीटरवर, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, माळावर. मुलींना मिळणाऱ्या मोफत अहिल्याबाई होळकर पासावर मी एसटीनं येते. शाळा पाच वाजता सुटते आणि आमच्याकडे जाणारी गाडी सव्वासहाला लागते. आमच्या बाजूच्या सगळ्या मुलींचा रोजचा सव्वा तास असा मोकळा पडतो. पाच वर्षं हा सव्वा तास ग्रंथालयात गेला. ग्रंथपाल बाई शाळेजवळच राहायच्या. त्या सहापर्यंत खोली उघडी ठेवायच्या आणि निघताना आम्हाला स्टँडपर्यंत सोडून घरी जायच्या. त्या निवृत्त झाल्यावर शिपाईमामा खोली उघडायचे. या जूनपासून आम्ही स्टँडवर बसतो. तिथे वरच्या वर्गातल्या मुलींना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मी या पत्रात लिहिणार नाही. समितीतल्या ताईंनी एकदा साडेपाचला येऊन आमच्याजवळ बसावं.

पाचवीत मी आले तेव्हा मला मोठ्यानं वाचता येत नव्हतं. अक्षरं येत होती, पण उभं केलं की पहिल्या ओळीतच अडखळायचे आणि वर्ग हसायचा. बाईंनी एक दिवस बारीकसं गोष्टीचं पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, “हे घरी कुणाला तरी वाचून दाखव. वर्गाला नको.” घरी कुणाला दाखवणार? आई आणि बाबा टोमॅटोच्या गाडीबरोबर असायचे. आजी होती. आजीला सहीसुद्धा येत नाही. ती चुलीपुढे भाकरी थापायची आणि मी पाटावर बसून वाचायचे. मी अडखळले की ती म्हणायची, “घाई करू नगं, त्या बैलाला आधी पाणी पिऊ दे.” तिला वाटायचं की मी थांबले म्हणजे गोष्टीतलाच कुणी तरी थांबलाय. असं वाचता वाचता सहावीच्या दिवाळीपर्यंत माझं अडखळणं गेलं. केव्हा गेलं ते मला कळलंही नाही. आजीला मात्र सवय लागली. आता मी ग्रंथालयातून काही आणत नाही, तर ती दर दोन-तीन दिवसांनी विचारते, “बाईनं काय दिलं न्हाई व्हय?”

आठवीत असताना आईच्या गळ्याला सूज आली. डॉक्टरांनी थायरॉईड आहे म्हणून गोळ्या दिल्या. घरात कुणालाच नीट समजलं नाही, आणि शेजारच्या काकूंनी नको नको ते सांगून आईला रडवलं. मी ग्रंथालयात जाऊन विश्वकोशात ‘थ’ काढला. सापडेना. बाई म्हणाल्या, मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात, पहिला खंड काढ. आपल्याच जिल्ह्यात, वाईला तयार झालेल्या त्या विश्वकोशाच्या पहिल्या खंडात मला माझ्या आईचं दुखणं सापडलं. गळ्यात श्वासनलिकेपुढे ती ग्रंथी कशी असते आणि ती बिघडली की माणूस का थकतो, हे मी वहीत उतरवून घेतलं आणि रात्री आईला वाचून दाखवलं. आई एवढंच म्हणाली, “म्हंजी मी आळशी न्हाई.” मला परिचारिका व्हायचं आहे हे मी त्याच आठवड्यात ठरवलं.

तो पहिला खंड आता पोत्यात आहे.

आता आमच्या तक्रारी सांगते. पहिली खोलीची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ‘ग्रंथालय’ ही पाटी गेलेली होती आणि तिथे ‘फाउंडेशन बॅच’ अशी नवी पाटी होती. बॅचला आमचा विरोध नाही. माझ्या वर्गातली हुशार मुलं त्यात आहेत, आणि गणिताचे सर त्यासाठी पहाटे उठून येतात हे आम्ही बघतो. पण बॅच भरते सकाळी साडेसात ते साडेनऊ. त्यानंतर त्या खोलीला दिवसभर कुलूप असतं. आमच्या बाजूची पहिली गाडी पावणेदहाला पोचते, म्हणून वाड्यावस्त्यांवरची एकही मुलगी त्या बॅचमध्ये नाही. जी खोली संध्याकाळी आमची होती, ती सकाळी लवकर येऊ शकणाऱ्यांना दिली आणि संध्याकाळी ती कुणाचीच राहिली नाही. कपाटं का हलवली असं विचारल्यावर उत्तर मिळालं की बाक मावत नव्हते. चित्रकलेची खोली दोन वर्षं रिकामी आहे, तिथे बाक मावले असते. हे आम्हाला आधी विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं, आणि बाक उचलून नेऊनही दिले असते.

पोत्यांविषयी वेगळं लिहायला हवं. आपल्या तालुक्यात पाऊस कमी, त्यामुळे पुस्तकं भिजणार नाहीत असं कुणाला वाटेल. पण रंगमंचाखालच्या खोलीत वाळवी आहे. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाचे पडदे तिथूनच चाळणी होऊन निघाले होते. परतीचा पाऊस आला की मैदानाचं पाणी त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येतं. महिनाभर उशीर झाला, तर पुस्तकं परत मागण्यात अर्थ राहणार नाही.

दुसरी तक्रार तासाची, आणि माझं मन सगळ्यात जास्त तिथेच दुखतं. पाचवी ते दहावी प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ग्रंथालयाचा तास होता. पस्तीस मिनिटांचा. यंदाच्या वेळापत्रकात त्या जागी ‘सराव चाचणी’ आली. जुलैच्या पालकसभेत व्यासपीठावरून सांगितलं गेलं की दहावीच्या वर्षात मुलांचं अवांतर वाचन पूर्ण बंद ठेवा. माझे बाबा त्या सभेला होते. घरी येऊन त्यांनी मला ओरडून काही म्हटलं नाही, पण माझ्या उशाशी असलेलं पुस्तक उचलून फळीवर ठेवलं. माझे बाबा साधे आहेत, शाळेनं सांगितलेलं त्यांना खरं वाटतं. म्हणून शाळेनं काय सांगावं याला माझ्या घरात फार किंमत आहे.

अवांतर या शब्दाचा मी बराच विचार केला. मुख्य सोडून बाजूचं, असा त्याचा अर्थ. मग दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेकडे बघा. 80 गुणांच्या त्या पत्रिकेत कधीही न पाहिलेल्या, अपठित उताऱ्यावर 4 गुण आहेत. स्थूलवाचनाला 6 आहेत. पत्र, बातमी, कथा, निबंध या उपयोजित लेखनाला 24. यातलं काय नुसत्या सराव चाचण्यांनी येणार? अपठित उतारा म्हणजे तर आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेलं पान. ज्यानं आपणहून पानं उघडलेली नाहीत, तो परीक्षेच्या दिवशी ते कसं उघडणार? गुणांचा हिशेब मांडायला मला आवडत नाही, पण सभेत फक्त गुणांचीच भाषा झाली, म्हणून तीही मांडली.

आपल्या शाळेत पाचवी ते आठवीचे वर्गही आहेत. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी 2009 चा शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्याच्या अनुसूचीत लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं असतील. पुढे, गोष्टींची पुस्तकंसुद्धा, असा स्पष्ट उल्लेख आहे. मला ते वाचून फार बरं वाटलं. देशाचा कायदा लिहिणाऱ्यांना गोष्टींची आठवण राहिली होती.

तिसरी गोष्ट ग्रंथपालांच्या रिकाम्या जागेची. बाई निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून एका शिक्षिकेकडे कपाटांचा चार्ज आहे. त्यांच्याकडे सहा वर्गांचे तास आहेत, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. पुस्तक हरवलं तर भरपाई आपल्या खिशातून जाईल, ही धास्तीही आहे. त्यामुळे त्यांनी पुस्तकं घरी द्यायचं बंद केलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कुलूपच लावलं असतं. दोष त्या पद्धतीचा आहे. फाटलेली, हरवलेली पुस्तकं रीतसर निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदीतून काढून टाकता येतात. बाई दरवर्षी मार्चमध्ये तशी यादी करून समितीपुढे ठेवायच्या. ती यादी करणंच थांबलं आणि भीती उरली. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरासाठी असतात. ग्रंथपाल होण्याआधी ते मद्रासला गणित शिकवत होते. आपल्या गणिताच्या सरांना हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

पुस्तकं घरी न देण्याचा फटका कुणाला बसतो, त्याचं उदाहरण माझ्या शेजारच्या बाकावर आहे. माझी मैत्रीण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. सातवीत असताना बाईंनी तिला एकदम चार पुस्तकं दिली होती. नियमात एकच बसत होतं. तिनं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फडावर नेली, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, आडव्या बांबूला टांगून ठेवली आणि चारही परत आणली. एकाच्या मागच्या पानावर उसाच्या पाचटाचा डाग होता, तर त्यासाठी ती बाईंपुढे रडली. बाई म्हणाल्या, “हे पुस्तक आता जास्त किमतीचं झालं.” मागच्या दोन हंगामांत ती रिकाम्या हातानं गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा जाईल, दहावी असूनही. आपण तिला काय देणार आहोत?

चौथी तक्रार लहान आहे. आपल्या शाळेत ‘किशोर’ मासिक यायचं बंद झालंय. बालभारती ते 1971 पासून काढते आणि आमच्या पाचवी-सहावीच्या मुलांना पुस्तकाआधी त्याचीच गोडी लागते. वर्तमानपत्रही आता फक्त कार्यालयात येतं. दोन्हींचा मिळून वर्षाचा खर्च संमेलनाच्या एका दिवसाच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी असेल.

आणि एक प्रसंग, जो लिहायला मला जड जातं. ऑगस्टमध्ये आठवीतल्या एका मुलानं सराव चाचणी लवकर संपवून बाकाखाली गोष्टीचं पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ते पुस्तक डोक्यावर ठेवून त्याला सगळ्या शाळेपुढे उभं केलं गेलं. आपल्या शाळेत तंबाखूची पुडी सापडली तरी इतकी मोठी शिक्षा होत नाही. त्या दिवशी मैदानावर साडेसहाशे मुलं होती आणि त्या सगळ्यांनी एक धडा घेतला. तो पुसायला 15 ऑक्टोबरची वीस मिनिटं पुरणार नाहीत.

कुणी म्हणेल, आता सगळं मोबाईलवर मिळतं. मिळतं हे खरं आहे. विश्वकोशही आता नेटवर फुकट वाचता येतो. आमच्या घरात मोबाईल एक, तो बाबांच्या खिशात, आणि बाबा टेम्पोवर. रात्री आठला तो घरी येतो तेव्हा त्याची बॅटरी संपलेली असते आणि आम्हीही थकलेलो असतो. माझ्या वर्गातल्या बत्तीस मुलामुलींपैकी नऊ जणांकडे स्वतःचा फोन आहे. मी विचारून मोजलं आहे. बाकीच्या तेवीस जणांसाठी ती कपाटं हाच एक दरवाजा होता.

आठवीत आपली सहल महाबळेश्वर-पाचगणीला गेली होती. परत येताना भिलारला थांबलो होतो. आपणही बरोबर होतात, सर. 2017 च्या 4 मे रोजी ते पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसांनी आपल्या घरातल्या खोल्या आणि ओसऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. मी ज्या घरात बसले तिथे आतल्या खोलीत एक आजी लसूण सोलत होत्या आणि बाहेर आम्ही बारा मुली वाचत होतो. कुणी नाव विचारलं नाही, अनामत मागितली नाही. एका काकूंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, “बसा निवांत, घाई न्हाई.” गाडीत आपण माईकवर म्हणाला होतात की असं काही आपल्या शाळेत करायला हवं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला ते आठवतं. आपल्यालाही आठवत असेल, या भरवशावर मी हे लिहिते आहे.

आमच्या मागण्या अवघड नाहीत.

पोती या आठवड्यात बाहेर काढा. आम्ही रविवारी येऊ, पुस्तकं उन्हात घालू, झटकू, दाखल रजिस्टरप्रमाणे लावू. वाळवीचं औषध तेवढं शाळेनं आणावं.

खोली आम्हाला पूर्ण नको. सकाळी बॅच चालू द्या, आणि कपाटं मागच्या भिंतीला परत लावा. शाळा सुटल्यापासून सहापर्यंत खोली उघडी राहावी आणि तिथे कुणीतरी मोठं माणूस असावं. आमच्या बाजूच्या तीन मुलींच्या आया आळीपाळीनं बसायला तयार आहेत. तसं त्यांनी लिहून दिलंय.

आठवड्याचा तो एक तास पाचवी ते नववीला परत मिळावा. दहावीलाही मिळावा असं आमचं म्हणणं आहे. पण आमचं वर्ष हातचं जाणार असेल, तरी खालच्या वर्गांचं जाऊ नये.

पुस्तकं घरी मिळावीत. ऊसतोडीला आणि मेंढरांमागे जाणाऱ्या मुलांना हंगामभरासाठी चार-पाच एकदम मिळावीत. हरवलेल्या पुस्तकांचा भार चार्ज असलेल्या शिक्षिकेवर टाकणार नाही, असा ठराव समितीनं करावा.

ग्रंथपालांची जागा भरण्यासाठी शाळेनं शिक्षण विभागाकडे शेवटचा पत्रव्यवहार कधी केला आणि गेल्या दोन वर्षांत पुस्तकांवर किती रुपये खर्च झाले, हे सूचना फलकावर लावावं. ‘किशोर’ पुन्हा सुरू करावा.

ज्या मुलाच्या डोक्यावर पुस्तक ठेवलं गेलं, त्याला त्याच मैदानावर, त्याच प्रार्थनेच्या वेळी, एक पुस्तक सन्मानानं हातात द्यावं. कोणतं ते त्याला विचारावं. कुणाचं नाव घेण्याची किंवा माफी मागण्याची गरज नाही.

वाचन प्रेरणा दिन मैदानावर न करता त्या खोलीत करावा. सगळी मुलं एका वेळी मावणार नाहीत, तर वर्गवार यावीत, दिवसभर. फोटो काढायचाच असेल तर त्या सहावीतल्या मुलीचा काढावा, ग्रंथालयाचं पुस्तक घेतलेला. मी तिला सांगितलंय की घरून काही आणू नकोस, आपण बघू.

15 तारखेला अजून तीन आठवडे आहेत. चर्चेला बोलावलंत तर आम्ही पाच जणी येऊ. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी पाच ते सहा या वेळात आम्ही स्टँडवरच असतो. आम्हाला वेगळा निरोप धाडायचीही गरज नाही.

आपली विद्यार्थिनी,
इयत्ता दहावी
(सोबत: 2 जुलै आणि 12 ऑगस्टच्या अर्जांच्या प्रती, 41 सह्यांसह, कार्यालयात पुन्हा जमा केल्या आहेत.)